तिसरी ओळ

गोजरबाईंनी चटईची एक कड पायाखाली दाबली, दुसरी दोन्ही हातांनी उचलून झटकली, आणि धुळीच्या लोटाबरोबर गाण्याची तिसरी ओळही मोठ्यानं सोडून दिली. चर्चच्या पुढच्या अंगाला पायपेटीशी बसलेल्या प्रभाताईंचे हात पट्ट्यांवरून उठले. शाळेच्या मुली एकमेकींकडे बघून ओठ दाबू लागल्या.

"गोजरबाई, जरा थांबता का?"

"थांबले की. धूळ येतीय व्हय तिकडं? दार लोटून घेते."

"धुळीचं नाही." प्रभाताई उठून चटयांपाशी आल्या. मुलींच्या शाळेवर त्या नव्यानंच नगरहून आल्या होत्या. वय पंचविशीच्या आतलं, आणि बोलायला अवघड गोष्ट असली की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची सवय. "मुली सूर धरायला बघतायत. तुम्ही गायला लागलात की त्यांचा सुटतो."

"सुटला तर माजा धरावा की त्यांनी."

मागून एक मुलगी फिसकन हसली. प्रभाताईंनी पदर आणखी एक वेढा गुंडाळला.

"बाई, ती तिसरी ओळ वर चढते. तुम्ही ती खाली नेता."

गाणं उपकारस्तुतीचं होतं. शाळू निघाला की फाल्गुनाच्या सुमाराला एका रविवारी ख्रिस्ती मंडळीतली माणसं शेतातलं, परड्यातलं पहिलं काहीतरी चर्चमध्ये आणून ठेवत, आणि हे गाणं म्हणत. मंडळीतल्या कुणा जुन्या उपदेशकानं ते रचलेलं. तो वारला, चाल तेवढी तोंडी राहिली.

तुझ्याच शेतातील कणसे ही सारी,
तुझ्याच दारी आणिली;
रिते आलो होतो, भरून निघालो,
ओंजळ तुझी ना सरली.

"यंदा पाहुणे येणार आहेत," प्रभाताई हळू आवाजात म्हणाल्या. "वैरागचे, मोहोळचे. पेटीही पहिल्यांदाच वाजणार. त्या दिवशी तुम्ही... मनातल्या मनात म्हणाल का?"

गोजरबाईंनी चटईची गुंडाळी केली. ती वाकडी झाली म्हणून उलगडली आणि पुन्हा केली.

"मनातल्या मनात," त्या म्हणाल्या. "बरं की."

प्रभाताईंना वाटलं होतं बाई रागावतील. बाई रागावल्या नाहीत. उरलेल्या सगळ्या चटया त्यांनी बाहेर अंगणात नेऊन झटकल्या, आणि त्या वेळात आतून मुलींचं गाणं एकदाही न अडखळता पूर्ण झालं.

गोजरबाई मिशनच्या बायबलबाई होत्या. सकाळी हातात पिशवी घेऊन निघायच्या, गिरणीमागच्या खोल्यांच्या रांगांतून, हातमागवाल्यांच्या गल्ल्यांतून दारोदार बसायच्या, चार गोष्टी सांगायच्या, गाणं म्हणायच्या. हिवाळ्यात वैराग-मोहोळकडे तंबू टाकून मडमबाई फिरतीला जात, तेव्हा याही बरोबर. गोष्ट सांगण्यात त्यांच्याहून हुशार बाया होत्या, हे त्यांना माहीत होतं. पण गाण्याच्या बाबतीत त्यांना कधी शंका आली नव्हती. छपन्नच्या, म्हणजे सन अठराशे नव्व्याण्णवच्या दुष्काळात वैरागकडून पोरं भरून आलेल्या गाडीतून त्या उतरल्या तेव्हा हाडांचा सापळा होत्या. अंगात थोडं रक्त भरल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, तर पोरींच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी छत हलेल असं गाणं म्हटलं. मोठ्या मडमबाईंनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "गोजर, देवाने तुला आवाज दिला आहे. तो त्याच्या कामाला लाव." आई-बाप, घर, गाव, सगळं गेलेल्या पोरीला कुणीतरी सांगितलं होतं की तुला काहीतरी दिलेलं आहे. ते तिनं घट्ट धरून ठेवलं. पुढं लग्न झालं, नवरा तापाच्या साथीत गेला, पोरबाळ झालं नाही, आवाज राहिला.

त्या काळी मंडळीतल्या बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. चर्चमध्ये पेटी नव्हती, एक टाळ होता. गोजरबाई उभ्या राहून आधी ओळ सांगायच्या, मग ती गायच्या, आणि चटईवर बसलेल्या सगळ्या बायका ती त्यांच्या तोंडून उचलायच्या. हे इतकी वर्षं चाललं होतं.

आणि नेमके गेले तीन रविवार पाळकसाहेब कृपादानांवर बोलत होते. देव कुणाला शिकवण्याचं दान देतो, कुणाला आजाऱ्याशेजारी बसण्याचं, कुणाला सढळ हात देतो. प्रत्येकानं आपलं दान ओळखावं आणि मंडळीच्या कामी लावावं, तेच त्याचं पाचारण. सगळी मंडळी विचारात पडली होती. गोजरबाईंना विचार करायचं कारणच नव्हतं. त्या तिन्ही रविवारी मान डोलवत बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्या पाळकसाहेबांच्या अंगणात गेल्या. पाळक एकनाथराव पपईला पाणी घालत होते.

"पाळकसाहेब, एक इचारते. उत्तर प्रवचनातलं नको."

त्यांनी झारी खाली ठेवली.

"मी बेसूर गाते का?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, उजेडाकडं धरून पाहिला आणि पुन्हा पुसला.

"गोजरबाई, देवाला सगळे सूर चालतात."

"म्हंजे गाते."

चष्मा परत नाकावर चढला. त्यामागचे डोळे पपईकडं होते.

"तुमाला कवापासनं म्हायती हाय?"

"इथं आलो त्या पहिल्या रविवारपासून."

"आन् येवढी वर्सं बोलला न्हाईत."

"कसं बोलणार? तुम्ही गायला लागलात की या चर्चमध्ये एकही बाई गप्प बसत नाही. मी मोठमोठ्या मंडळ्या पाहिल्यात. तिथं चार जण छान गातात, बाकीचे ऐकतात."

"माजा आवाज झाकायला म्हनत असतील समद्या," गोजरबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांना हसू आवरलं नाही. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या, लुगड्याची घडी गुडघ्यावर सारखी केली.

"मग मला दिलंय काय देवानं? तुमी म्हनता कुनीच मोकळ्या हातानं आलेलं नसतं. शिकवायचं म्हना, तर माज्यापेक्षा इतर बाया बरं शिकवतात. पैका न्हाय. पोरं न्हाईत. ह्योच एक आवाज व्हता."

पाळकसाहेब त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"स्वतःकडं पाहून ते कळत नाही, गोजरबाई. ज्यांना ते पोचलं त्यांच्याकडं पाहावं लागतं."

"हे परत प्रवचनातलं झालं," असं म्हणून त्या उठल्या.

पुढच्या आठवड्यात गोजरबाईंनी आपलं दान शोधायचं ठरवलं. सढळ हात असेल म्हणून त्यांनी आपली बरी घोंगडी शेजारच्या म्हातारीला दिली. म्हातारी म्हणाली, हिला ढेकूण हायत, आणि परत केली. आजाऱ्यांची सेवा असेल म्हणून मंडळीतल्या एका हमालाची कंबर तेलानं चोळली. तो दोन दिवस उठला नाही. मग त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथं बजाबाईंचं राज्य होतं. बजाबाईही त्याच दुष्काळातल्या गाडीतून आलेल्या; दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या.

"सरक. आज भाकरी मी थापते," गोजरबाई म्हणाल्या.

बजाबाईंनी तिसरी भाकरी तव्यावर फाटेपर्यंत वाट पाहिली आणि मग हातातली परात काढून घेतली.

"सैपाकाचं कृपादान तुला न्हाय. हे मी छातीवर हात ठिवून सांगते. ऊठ."

"मग काय हाय?"

"मला काय इचारतीस? मी वांगी चिरते." बजाबाईंनी विळी पुढं ओढली. "त्या पेटीवालीनं गप बसवलं तुला, म्हनून ह्यो शोध चाललाय व्हय?"

"तिनं खरं तेच सांगितलं. पाळकसाहेब बी म्हनले. मी तिसरी ओळ खाली नेते."

"खालीच जाती की ती."

"वर जाती म्हनं."

"वर?" बजाबाईंचा हात विळीवर थांबला. त्यांनी ती ओळ पुटपुटून पाहिली आणि मान हलवली. "छे. मला वाटलं, पेटीच बिघडलीया."

गोजरबाई ऐकून न ऐकल्यासारखं करून बाहेर पडल्या.

दुपारी त्यांचा फेरा गिरणीमागच्या रांगेत होता. गेल्या काही दिवसांत त्या घरोघर जात होत्या, गोष्ट सांगत होत्या, पण गात नव्हत्या. बायका म्हणायच्या, "बाई, आज गाणं न्हाय?" तर त्या म्हणायच्या, "घसा बसलाय." चंद्रव्वाच्या दारी बाळंतपणापासून जायचं राहिलं होतं. चंद्रव्वा अक्कलकोटकडची, माहेरी कानडी बोलणारी. नवरा गिरणीत, आणि ही घरी बसून शेजारच्या मागवाल्यांसाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरायची.

दार अर्धं लोटलेलं होतं. गोजरबाई कडीला हात घालणार तोच आतून गाणं ऐकू आलं, आणि त्यांचा हात तिथंच राहिला.

आत चंद्रव्वा रहाटापुढं बसली होती. तुळईला बांधलेल्या झोळीत बाळ होतं, झोळीची दोरी चंद्रव्वाच्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेली. एका हातानं रहाट फिरत होता, दुसऱ्या हातात सूत, पाय मागंपुढं, आणि तोंडानं ती हळू म्हणत होती, तुझ्याच शेतातील कणसे ही सारी. ओळी-ओळींच्या मधे जो जो, जो जो. तिसरी ओळ आली. रिते आलो होतो. इथवर गाणं सपाट चाललं होतं. आणि भरून निघालो म्हणताना ते खाली उतरलं, विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं, एकेक पायरी, पार पाण्यापर्यंत.

गोजरबाई चौकटीला टेकल्या. हे गाणं त्यांनी बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं. त्या कायम त्याच्या आत असत, सगळ्यांच्या पुढं, सगळ्यांच्यापेक्षा मोठ्यानं. आज पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या तोंडून त्यांच्याकडं आलं, आणि मुलींनी चर्चमध्ये न अडखळता म्हटलेलं गाणंही आठवलं. ते खरंच वर चढत होतं. प्रभाताई बरोबर होत्या.

"अव्वा, तसं न्हाय," आतून चंद्रव्वाच्या मोठ्या मुलीचा, नीलव्वाचा आवाज आला. ती शाळेच्या गाणाऱ्या मुलींत होती. "प्रभाताई वर नेतात. अशी." आणि तिनं ती ओळ वर नेली, अगदी नीट.

झोळीत बाळ कुरकुरलं.

"बघ, उठिवलंस," चंद्रव्वा म्हणाली. "वर नेलं की जागं व्हतंय त्ये. खाली आणलं की झोपतंय. तू बी अशीच झोपायचीस."

गोजरबाई आत गेल्या. चंद्रव्वानं पायाची दोरी न सोडता बसल्या जागेवरून पोतं पुढं सरकवलं.

"या बाई, बसा. गल्लीत समद्या म्हनतात, बाईंचा घसा बसलाय. बरं वाटतंय का आता?"

"हाय बरं." गोजरबाईंनी झोळीत डोकावून पाहिलं. "ह्ये गाणं तू घरी म्हनतीस?"

"रोजच की. मीच न्हवं, रांगेत समद्याच म्हनत्यात. तिकडं मागवाल्यांची तेलगू लक्ष्मव्वा हाय, ती कुटं आपल्या चर्चला येतीया? पन माग चालवताना ती बी ह्येच म्हनती. शब्द अर्धे तिचे अर्धे आपले." चंद्रव्वा हसली. "बाई, मी लगीन होऊन हितं आले तवा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. शेजारीन काय म्हनती कळायचं न्हाय. तुमी येऊन बसायचा, आदी ओळ सांगायचा, मग म्हनायचा. मी मागनं म्हनायची. कणीस, ओंजळ, दार. पयली मराठी माज्या तोंडात आली ती तुमच्या गाण्यातनं. पयलं पोर गेलं तवा बी दुसरं काय सुचंना, तर ह्येच म्हनत बसले व्हते. तुमाला ठावं न्हाय."

"न्हाय ठावं," गोजरबाई म्हणाल्या.

नीलव्वा त्यांच्या गुडघ्याशी येऊन बसली होती. तिला एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती.

"बाई, तिसरी ओळ कुठली बरोबर? अव्वाची का प्रभाताईंची?"

गोजरबाईंनी पिशवी उघडली, काही न काढता बंद केली.

"प्रभाताईंची," त्या म्हणाल्या.

रहाट थांबला. चंद्रव्वानं हातातल्या सुताकडं पाहिलं, मग गोजरबाईंकडं.

"म्हंजे इतकी वर्सं मी चुकीचं म्हनतीया?"

"पोरगं झोपलं का?"

चंद्रव्वानं झोळीचं फडकं बोटानं बाजूला केलं. बाळ पुन्हा झोपलं होतं, मूठ गालाशी.

"झोपलं की."

"मग म्हन."

परतताना गोजरबाई रोजच्या वाटेनं गेल्या नाहीत. मागवाल्यांच्या गल्लीतून गेल्या. मागांच्या खडखडाटात कुठल्या घरातून कोण काय म्हणतंय हे नीट कळत नव्हतं, तरी त्या प्रत्येक दाराशी थोडं रेंगाळत चालल्या. एका दारातून तीच खाली उतरणारी ओळ कानावर आली तशा थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले. खांद्यावर कांड्यांची टोपली घेऊन जाणारा गुरुबसप्पा त्यांना ओळखत होता, त्यानं विचारलं, "काय झालं, बाई?"

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "लई वर्सांचं एक देणं आज हाती लागलं."

घरी जाऊन त्यांनी गुडघे टेकले. नेहमीची प्रार्थना लांबलचक असायची. मंडळीतल्या प्रत्येकाचं नाव त्यात यायचं. त्या दिवशी एकही नाव आलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस." आणि उठून दिवा लावला.

उपकारस्तुतीच्या रविवारी चर्चमध्ये शाळूच्या ताज्या कडब्याचा वास भरला होता. पुढच्या मेजाशी कणसांच्या पेंढ्या उभ्या होत्या, त्यांच्या पायाशी भोपळे, हरभऱ्याचे डहाळे, शेंगांचं टोपलं, आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेला मधून मधून उत्तर देत होती. वैरागच्या बायका बैलगाडीनं पहाटेच आल्या होत्या. मोहोळचे पुरुष पागोटी मांडीवर घेऊन बसले होते. प्रभाताईंनी पांढरं पातळ नेसलं होतं आणि मुलींना पेटीशेजारी दोन ओळींत उभं केलं होतं.

गोजरबाई सगळ्यांत मागच्या चटईवर, भिंतीला टेकून बसल्या. शेजारी बजाबाई.

पेटी सुरू झाली. मुलींनी पहिली ओळ उचलली, दुसरी उचलली. बायकांची चटईही त्यांच्याबरोबर म्हणू लागली. तिसऱ्या ओळीला मुली वर चढल्या.

चटई खाली उतरली.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या, गिरणीमागच्या बाया, मांडीवर बाळ घेतलेली चंद्रव्वा, सगळ्या एकदम. वैरागच्या बायकासुद्धा. मुलींचा सूर वरच्या वर लटकला, पेटी तिसरीकडंच गेली. प्रभाताईंनी वाजवता वाजवता मान वळवली. त्यांची नजर बायकांवरून फिरत फिरत मागच्या भिंतीपर्यंत आली आणि गोजरबाईंवर थांबली.

गोजरबाईंचे ओठ मिटलेले होते. हात मांडीवर होते. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता.

प्रभाताईंनी पुन्हा एकदा सगळ्या चटईकडं पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू आताच कुणीतरी दिवा वर केला होता.

दुसऱ्या कडव्याला तिसरी ओळ आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. पाय भात्यावर चालूच होते. पेटी नुसती श्वास घेत होती. मुली गोंधळून गप्प झाल्या. ओळ एकट्या बायकांनी म्हटली, पायरी पायरीनं, घाई न करता, खालच्या पाण्यापर्यंत. तिथं पोचल्यावर प्रभाताईंचे हात परत आले आणि त्यांनी चौथी ओळ उचलली. मोहोळचा एक म्हातारा डोळे मिटून मान डोलवत होता. पाळकसाहेब चष्मा पुसत होते.

तिसऱ्या कडव्याला प्रभाताईंनी हात उचलले नाहीत. बोटांनी चाचपत, एकदा चुकत, त्या बायकांच्या मागोमाग खाली उतरल्या, आणि त्यांच्या मागोमाग मुली.

बजाबाईंनी कोपरानं ढोसलं.

"म्हन की. तोंड शिवलंय का तुजं?"

गोजरबाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे पुढं, त्या सगळ्या पाठींकडं होते.

"तुमी म्हना," त्या म्हणाल्या. "मला ऐकू दे."